अर्जात न मावणारं मन

वर्ध्याहून सेलूमार्गे बोर धरणाकडे निघालं की जंगल लागायच्या आधी हिंगणी येतं. पलीकडे बोरचं जंगल, जे 1970मध्ये अभयारण्य आणि 2014मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं. अलीकडे कपाशी, सोयाबीन, तुरीची वावरं. जंगलाला लागून शेती म्हटली की रानडुकरं आणि रोही आलेच, आणि त्यांच्यापायी जागलही आली. पीक उभं असेतो शेतकरी रात्र रात्र मचाणावर बसतो. झोप उडणं हे नैराश्याचं ठळक लक्षण. पण न झोपणं हाच जिथे शेतीचा भाग, तिथे ते कोणाच्या लक्षात यावं? घरचे म्हणतात, जागलीनं थकलाय. डॉक्टरकडे गेलाच, तर तो डोकं दुखतं, जेवण जात नाही, एवढंच सांगतो.

या माणसाच्या मनात काय चाललं आहे, हे आपल्या कथेनं कितीसं लिहिलं?

शेतकरी आत्महत्यांमुळे 2006मध्ये पंतप्रधानांचं पॅकेज विदर्भातल्या ज्या 6 जिल्ह्यांना मिळालं, त्यांत वर्धा होता. तेव्हापासून इथलं दुःख सरकारी नमुन्यात नोंदवलं जातं. घरच्यांना 1 लाख रुपयांची मदत मिळायची, तर नापिकी, कर्जबाजारीपणा, वसुलीचा तगादा हे सिद्ध व्हावं लागतं. तसं झालं तर प्रकरण ‘पात्र’. आजार, व्यसन, घरातली भांडणं ही कारणं पुढे आली, तर ‘अपात्र’ ठरण्याची भीती. मग सहा महिने माणूस कोणाशी बोलत नव्हता, धुऱ्यावर एकटाच बसून राहायचा, हे चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याला कोण सांगेल? कर्ज खोटं नाही, कापसाचा पडलेला भावही खोटा नाही. ते सोडून नुसतं मनाबद्दल बोलणं हा अन्यायच होईल. पण एकाच बांधावरचे, सारखंच कर्ज असलेले दोन भाऊ असतात. एक उन्हाळ्यात पुन्हा नांगरटीला लागतो, दुसऱ्याला खाटेवरून उठवत नाही. हा फरक सातबाऱ्यावर दिसत नाही. तो पाहणं हे कथेचं काम आहे.

आणि मराठी कथेला ते जमतं. दिवाकर कृष्णांचा ‘समाधी व इतर सहा गोष्टी’ हा संग्रह 1927चा. घटनांपेक्षा पात्राच्या मनातली खळबळ महत्त्वाची, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिलं. वामन चोरघडे मूळचे नरखेडचे. गांधीविचारांचे हे कथाकार वर्ध्याच्या आणि पुढे नागपूरच्या वाणिज्य महाविद्यालयात शिकवत. साध्या माणसाच्या मनातली हळवी जागा त्यांना नेमकी सापडे. जी. ए. कुलकर्णी तर थेट अर्थाच्या प्रश्नालाच भिडले. ‘पिंगळावेळ’मधल्या ‘स्वामी’ कथेतला माणूस मठाच्या अंधाऱ्या खोलीत कोंडला जातो. तिथे तो एक वेल वाढवतो आणि ती उजेडाकडे जाते, यातच त्याला जगण्याचं प्रयोजन मिळतं. नैराश्याला आतून ओळखणाऱ्या माणसानं ही कथा वाचावी. तिच्यात उपदेशाचा शब्द नाही, म्हणूनच ती सोबत करते.

जगातही हे काम कथेनं डॉक्टरांच्या बरोबरीनं, कधी त्यांच्याआधी केलं. 1892 या एकाच वर्षी दोन कथा प्रसिद्ध झाल्या. चेखव स्वतः डॉक्टर. त्यांच्या ‘वॉर्ड नंबर सहा’मध्ये मनोरुग्णांचा डॉक्टर अखेर त्याच वॉर्डात कोंडला जातो. अमेरिकेत शार्लट पर्किन्स गिल्मन यांनी ‘द यलो वॉलपेपर’ लिहिली. बाळंतपणानंतर त्या खचल्या, तेव्हा लेखणीला हात लावायचा नाही, पडून राहायचं, असा उपचार त्यांना सांगितला गेला होता. कथेतली बाई त्याच उपचारानं भिंतीवरच्या नक्षीत हरवून जाते. आपल्याकडची ओली बाळंतीण खोलीत रडते तेव्हा ‘दृष्ट लागली’ म्हणून मीठमोहऱ्या ओवाळल्या जातात. तिची कथा लिहायची राहिली आहे.

उपचार गावापर्यंत पोचू शकतो, हे आता सिद्ध झालं आहे. ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत दीड वर्ष चालला. प्रशिक्षित कार्यकर्ते गावात बैठका घेत, घरी जाऊन बोलत, गरज पडल्यास डॉक्टरांशी गाठ घालून देत. 2017मध्ये निष्कर्ष आले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं. कोणीतरी आपलं नीट ऐकून घेतं, हे कळलं की माणसं बोलू लागतात.

आमच्या ग्रामीण कथेबद्दल मात्र माझी तक्रार आहे. शेतकऱ्याच्या दुःखावरच्या फार कथा त्याच्या मरणावर येऊन थांबतात. लेखकाचा हेतू चांगला असतो; पण संकटाला हेच उत्तर असल्यासारखं वाचणाऱ्याच्या मनावर ठसत जातं. प्रत्यक्षात कितीतरी माणसं वाचतात, बरी होतात. मग बरं होण्याची कथा का नाही? कारण ती संथ असते. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. पहिल्या पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून माणूस त्या बंद करतो. बायको एसटीनं पुन्हा सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन जाते, कागद काढायला रांगेत उभी राहते, गावात सांगते की पोटाचं दुखणं आहे. एखाद्या सकाळी तो आपणहून बैलांना वैरण टाकतो. यात नाट्य नाही असं ज्याला वाटतं, त्यानं असा आजारी माणूस घरात सांभाळलेला नसावा.

विदर्भात लिहिणाऱ्या तरुण मित्रांनो, पुढच्या दिवाळी अंकासाठी ही कथा लिहा. आणि वाचकहो, तुमच्या घरात किंवा शेजारच्या वावरात असं कोणी गप्प झालेलं असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा, विचारा. ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. तो घरातल्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.