सागरी गोंगाट व देवमाशांचे संदेशन
मानवी व्यवहारांमुळे समुद्रात निर्माण होणाऱ्या गोंगाटाने देवमाशांच्या परस्परसंदेशनात अडथळा येतो. पाण्यात प्रकाश फार दूरवर पोहोचत नाही. ध्वनी मात्र सेकंदाला सु. १,५०० मी. वेगाने जातो. कमी कंप्रतेच्या ध्वनीचे पाण्यात शोषण अत्यल्प होत असल्याने तो दूरपर्यंत ऐकू येतो. म्हणूनच देवमाशांचे सामाजिक जीवन मुख्यत्वे ध्वनीवर अवलंबून असते.

अमेरिका व कॅनडा यांच्या पूर्व किनाऱ्यालगत आढळणारा उत्तर अटलांटिक राइट देवमासा हे याचे ठळक उदाहरण होय. त्याची संख्या ४०० हून कमी असून २०२० मध्ये त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत करण्यात आली. एकमेकांशी संपर्क साधण्यासाठी तो खालून वर चढत जाणारा, सु. एक सेकंद टिकणारा आवाज काढतो. या आवाजाची कंप्रता साधारणपणे ५० ते २०० हर्ट्‌झ असते.

मोठ्या जहाजांच्या प्रचालकाच्या पात्यांभोवती बुडबुडे निर्माण होऊन फुटतात. त्यांचा गोंगाट बव्हंशी याच कंप्रतांचा असल्याने देवमाशांचे आवाज त्यात बुडून जातात व ते ऐकू येण्याचे क्षेत्र आक्रसते. गोंगाट वाढल्यास हे देवमासे अधिक मोठ्याने आवाज काढतात. तथापि पिलासोबत असणारी मादी अतिशय हळू आवाज काढते. हे आवाज भक्षकांच्या कानी पडण्याचा संभव कमी असतो. परंतु ते गोंगाटात सहज लोपतात.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर कॅनडातील फंडीच्या उपसागरात जहाजांची वर्दळ घटली व गोंगाट सु. ६ डेसिबलांनी उतरला. त्या काळात देवमाशांच्या विष्ठेतील, शारीरिक ताण दर्शविणाऱ्या हॉर्मोनजन्य द्रव्यांचे प्रमाणही कमी आढळले. या निरीक्षणाचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. गोंगाटाचा संबंध केवळ श्रवणाशी नसून प्रकृतीशीही असावा, असे त्यांवरून दिसते.

जहाजांचा वेग कमी करणे, प्रचालकांची रचना सुधारणे व जलमार्ग देवमाशांच्या वस्तिस्थानांपासून दूर नेणे हे प्रमुख उपाय होत. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१४ मध्ये यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली व २०२३ मध्ये ती सुधारली. मात्र ती बंधनकारक नाहीत. तेल वा रसायने यांप्रमाणे गोंगाट पाण्यात साचून राहत नाही. उगम थांबताच तो नाहीसा होतो. त्यामुळे या उपायांचे फळ तत्काळ मिळू शकते.