शर्यतींच्या अंतरांचा इंजिनीयर : पीटर रीगेल

शर्यतीचा निकाल घड्याळ देतें, ही समजूत अर्धीच खरी आहे. किती वेळ लागला या प्रश्नाला किती अंतर कापलें हें ठाऊक असल्याखेरीज अर्थ नाहीं. मैदानांतील गोल मार्ग एकदां नीट आंखला म्हणजे भागतें. रस्त्यावरील शर्यत मात्र वळणांवळणांनीं जाते व तेथें अंतराचें माप सहज चुकतें. ज्यांनीं आपली इंजिनीयरी शिस्त या कामीं लावली, त्यांत अमेरिकेंतील पीटर रीगेल (१९३५–२०१८) यांचें नांव प्रामुख्यानें घ्यावें लागेल.

रीगेल हे ओहायो राज्यांतील कोलंबस शहरचे संशोधक इंजिनीयर. अंतर दुप्पट केलें तर वेळ दुप्पट लागेल, असें शाळेंतील त्रैराशिक सांगतें. पण माणूस थकतो, हें त्रैराशिकाला कळत नाहीं. रीगेल यांनीं हा थकवा एका सूत्रांत बसविला व १९७७ सालीं तें प्रसिद्ध केलें. दोन अंतरांच्या गुणोत्तराचा १.०६ वा घात काढावा व त्यानें पहिल्या वेळेस गुणावें, एवढेंच तें सूत्र. दुप्पट अंतरास त्यामुळें सुमारें २.०८५ पट वेळ येतो. १० किलोमीटर ५० मिनिटांत धांवणारास २० किलोमीटरला १०० नव्हे, सुमारें १०४ मिनिटें लागतील. साडेतीन मिनिटांपासून २३० मिनिटांपर्यंतच्या शर्यतींस हा हिशेब बराच जुळतो. अर्थात् त्या अंतराचा सराव हवा.

परंतु मूळ अंतरच खोटें असेल तर सूत्र काय करणार? १९८१ सालीं न्यूयॉर्कच्या मॅरॅथॉनमध्यें आल्बेर्तो सालाझार यानें २ तास ८ मिनिटें १३ सेकंद हा जगांतील सर्वोत्तम वेळ नोंदविला. पुढें फेरमोजणींत मार्ग १४८ मीटरनें कमी भरला. त्याच्या वेगानें इतकें अंतर म्हणजे सुमारें २७ सेकंद. जुना विक्रम तर त्यानें अवघ्या २० सेकंदांच्या आसपास मागें टाकला होता! मान गेला तो त्याच वर्षीं जपानांत फुकुओका येथें २ तास ८ मिनिटें १८ सेकंदांत धांवलेल्या रॉबर्ट डि कास्टेला याजकडे. दोष मोजणाऱ्यांचा, हानि मात्र धांवणाऱ्याची.

असें होऊं नये म्हणून सायकलीनें मोजण्याची पद्धत रूढ झाली आहे. पुढच्या चाकास लहानसें गणकयंत्र बसवितात. ॲलन जोन्स यांनीं तें १९७१ सालीं तयार केलें. त्याचा एक आंकडा म्हणजे सुमारें १० सेंटिमीटर. आधीं पोलादी फितीनें मोजलेल्या सरळ पट्ट्यावर सायकल चारदां चालवून आंकडे व मीटर यांचें प्रमाण ठरवितात. उन्हानें टायर फुगतो व प्रमाण बदलतें, म्हणून काम संपल्यावर तीच परीक्षा पुन्हां घेतात. मोजणी धांवपटूस शक्य अशा सर्वांत जवळच्या वाटेनें करतात. शिवाय दर किलोमीटरमागें १ मीटर अधिक धरतात. चूक झालीच तर मार्ग कमी न भरतां किंचित् जास्तच भरावा.

रीगेल यांनीं अमेरिकेंतील या मोजणीच्या समितीचें अध्यक्षपद सांभाळलें आणि मोजणाऱ्यांच्या वार्तापत्राचें दीर्घकाळ संपादन केलें. २००४ पासून रस्त्यावरील शर्यतींचे जागतिक विक्रम अधिकृतपणें नोंदले जाऊं लागले. अशा विक्रमाच्या तक्त्यांत धांवपटूचें नांव व वेळ असतें; मोजणाऱ्याचें नांव कोठेंच नसतें. तरीही त्या वेळेवर जगाचा विश्वास बसतो, तो भल्या पहांटे रस्त्याच्या कडेनें सायकल हांकून आंकडे टिपणाऱ्या अशाच माणसांमुळें.