फुकटचे दर्शन आणि मुक्कामाचे गणित

परक्या गावी गेलेला माणूस प्रथम एखादी उंच जागा शोधतो. गल्लीबोळांतून हिंडताना शहर तुकड्यातुकड्यांनी भेटते. उंचावरून मात्र ते एकसंध दिसते. नदी कोठून येते, लोहमार्ग कोठे वळतो, जुनी वस्ती कोठे संपून नवी कोठे सुरू होते, हे सारे एका दृष्टिक्षेपात उमगते. पुण्यास येणारा पाहुणा पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढल्यावाचून सहसा परतत नसे, त्यामागे देवदर्शनाइतकीच ही नगरदर्शनाची ओढही होती. या सुखाला आजवर मोल पडत नव्हते. आता ते पडू लागले आहे. म्हणूनच या साध्या वाटणाऱ्या विषयाचा अर्थशास्त्राच्या अंगाने विचार होणे अगत्याचे आहे.

टेकडीवरून दिसणारे दृश्य ही अर्थशास्त्राच्या परिभाषेत जवळजवळ शुद्ध ‘सार्वजनिक वस्तू’ होय. एकाने पाहिल्याने दुसऱ्याच्या वाट्याचे दृश्य कमी होत नाही. झ्यूल द्युपुई या फ्रेंच अभियंत्याने १८४४ मध्ये पुलांवरील पथकराची चर्चा करताना एक मार्मिक मुद्दा मांडला होता. पुलावर गर्दी नसेल, तर आणखी एक माणूस तो ओलांडून गेल्याने समाजाचा खर्च वाढत नाही. परंतु कर लावला, तर ज्याला तो परवडत नाही तो अलीकडेच थांबतो आणि त्याला मिळू शकणारा लाभ कोणाच्याही पदरात न पडता वाया जातो. पुलाला लागू असलेले हे तत्त्व टेकडीलाही तंतोतंत लागू पडते.

मुंबईचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. या महागड्या नगरीत सर्वांत सुंदर दृश्ये फुकट आहेत, ही वस्तुस्थिती बाहेरगावच्या माणसाला ठाऊक नसते. मलबार हिलवरील कमला नेहरू उद्यानाच्या कठड्याशी सायंकाळी उभे राहिले की गिरगाव चौपाटीपासून नरिमन पॉइंटपर्यंतचा किनारा समोर पसरलेला असतो आणि दिवे लागताच तो ‘राणीचा कंठहार’ उजळतो. रस्त्यापलीकडचे फिरोजशहा मेहता उद्यान हे शहराला पाणी पुरविणाऱ्या जलाशयाच्या माथ्यावर वसविलेले आहे. वांद्र्याच्या पोर्तुगीजकालीन किल्ल्यावरून २००९ मध्ये खुला झालेला सागरी सेतू न्याहाळता येतो. अंधेरीच्या गिल्बर्ट हिल या सुमारे दोनशे फूट उंचीच्या बसाल्टच्या कातळावर पायऱ्या चढून गावदेवीच्या मंदिरापाशी गेले की उपनगरांचा अफाट पसारा दिसतो. यांपैकी कोठेही तिकीट नाही.

मग खर्च कशाचा? तो मुक्कामाचा. येथेच मध्यमवर्गीय प्रवाशाचा हिशेब चुकतो. दृश्य फुकट असले, तरी दृश्यालगतची खोली फुकट नसते. समुद्राकडे खिडकी असलेली आणि मागच्या गल्लीकडे खिडकी असलेली अशा दोन सारख्याच खोल्यांच्या भाड्यांत जो फरक असतो, ती दृश्याची बाजारातील किंमत. समजा, परभणीचे एक शिक्षक पत्नी व दोन मुलांसह दोन रात्रींसाठी मुंबईस आले. साध्या लॉजमधील खोली दोन हजारांस आणि समुद्राभिमुख खोली सहा हजारांस मिळत असेल, तर दोन रात्रींत आठ हजार रुपये केवळ खिडकीपायी जातात. दिवसभर हिंडणारे हे कुटुंब जागेपणी त्या खिडकीशी फार तर दोन-तीन तास बसणार. तोच समुद्र मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर त्यांना हवा तितका वेळ, एक पैसाही न देता, पाहता आला असता.

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच सार्वत्रिक आहे. खोली स्वस्त मिळते म्हणून दूरच्या उपनगरात उतरायचे आणि रोजचे चार तास लोकलच्या गर्दीत घालवायचे, ही काटकसर नव्हे. मुक्कामाचा खरा खर्च म्हणजे खोलीचे भाडे, जाण्यायेण्याचे भाडे आणि गमावलेला वेळ यांची बेरीज होय. ही बेरीज सर्वांत कमी येईल अशी जागा निवडणे हे शहाणपणाचे. तेव्हा प्रेक्षणीय स्थळाच्या शेजारी मुक्काम शोधण्यापेक्षा त्या स्थळाकडे थेट जाणाऱ्या वाहनाच्या शेजारी तो शोधावा. मुंबईत पश्चिम आणि मध्य हे दोन्ही लोहमार्ग जेथे भेटतात ते दादर या कसोटीस चांगले उतरते. तेथून पश्चिम मार्गाने चर्नी रोडला उतरले की चौपाटी आणि मरीन लाइन्सला उतरले की मरीन ड्राइव्ह पायी काही मिनिटांवर आहे. शिवाय लांब पल्ल्याचे रेल्वे तिकीट हाती असणाऱ्यास मोठ्या स्थानकांवरील रिटायरिंग रूमचा पर्याय असतो. त्यासाठी आरक्षण मात्र आधी करावे लागते. पुण्यात पर्वतीसाठी स्वारगेटचा परिसर सोयीचा; तेथपर्यंत २०२४ पासून मेट्रोही पोहोचली आहे. हनुमान टेकडी चढावयाची असेल, तर डेक्कनच्या आसपास उतरावे. पहाटे उठून पायी टेकडी गाठता येणे, हीच तेथील खोलीची खरी किंमत.

वेळेची निवडही फुकटच असते. पण तीवरच सारे अवलंबून असते. पावसाळा सरल्यावर हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते, तर थंडीतील सकाळी धुरके शहर झाकून टाकते. सायंकाळी सूर्यास्तापूर्वी अर्धा तास जाऊन बसावे, म्हणजे दिवसाचे आणि दिव्यांचे अशी दोन्ही शहरे एकाच फेरीत पाहून होतात.

परंतु प्रश्न केवळ प्रवाशाच्या खिशाचा नाही. मार्च २०२५ मध्ये मलबार हिलवर झाडीतून जाणारा ४८५ मीटर लांबीचा उन्नत निसर्गमार्ग खुला झाला आणि त्यासाठी भारतीयांना २५ रुपये प्रवेशशुल्क ठेवण्यात आले. अरुंद लाकडी वाटेवर एका वेळी मोजकीच माणसे मावतात, देखभालीला पैसा लागतो, हे समर्थन अगदीच गैरलागू नाही. गर्दी असलेल्या पुलाला द्युपुईचा युक्तिवाद लागू पडत नाही. मात्र गर्दी आवरण्यासाठी वेळ ठरवून देणे पुरेसे असते. त्यासाठी पैसे घेतलेच पाहिजेत असे नाही. लंडनमधील फेंचर्च स्ट्रीटवरील उत्तुंग इमारतीच्या माथ्यावरचे उद्यान २०१५ पासून लोकांस विनामूल्य पाहता येते. फक्त वेळ आधी नोंदवावी लागते. टोकियोच्या महानगर शासनाच्या इमारतीतील २०२ मीटर उंचीवरच्या निरीक्षण-कक्षांतही शुल्क घेतले जात नाही. दोन्ही शहरे धंद्यात कच्ची आहेत, असे कोणी म्हणणार नाही.

शुल्कापेक्षाही मोठा धोका दृश्य झाकले जाण्याचा आहे. मरीन ड्राइव्ह समुद्रात भराव घालून, सार्वजनिक योजनेतून उभा राहिला. त्याच्या काठावरील खोल्यांना चढे भाडे मिळते, ते मालकाच्या कर्तृत्वामुळे नव्हे, तर समाजाने निर्माण केलेल्या सौंदर्यामुळे. त्याच सौंदर्याच्या आड नवा मनोरा उभा राहतो तेव्हा वरच्या मजल्यावरील मोजक्यांना ते विकले जाते आणि मागील हजारोंच्या डोळ्यांपुढून हिरावले जाते. सार्वजनिक संपत्तीचे हे खासगीकरण कोणत्याही खातेवहीत नोंदले जात नाही. लंडनने सेंट पॉल कॅथीड्रलचे दर्शन अडू नये म्हणून १९३८ पासून भोवतालच्या इमारतींच्या उंचीवर बंधन घातले. मुंबईच्या नियमावलीतही मलबार हिलच्या उद्यानांतून दिसणारे बॅक बेचे दृश्य राखण्यासाठी काही इमारतींना उंचीची मर्यादा घालण्यात आली. म्हणजे तत्त्व मान्य आहे. प्रश्न आहे तो ते निष्ठेने पाळण्याचा आणि इतर टेकड्यांनाही लागू करण्याचा. गिल्बर्ट हिलला चहूबाजूंनी बांधकामांचा विळखा पडला आहे, तो या उदासीनतेची साक्ष देतो.

पुण्याच्या टेकड्यांचे प्रकरण याहून निराळे नाही. फर्ग्युसन महाविद्यालयामागील टेकडीवर १२ जून १९०५ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली, हे स्मरण आज टेकडीवर फिरावयास जाणाऱ्यांपैकी किती जणांस असेल? वेताळ टेकडीवरून प्रस्तावित असलेल्या रस्त्याविरुद्ध २०२३ मध्ये पुणेकर मोठ्या संख्येने एकत्र आले. रस्त्याने वाचणाऱ्या मिनिटांची बेरीज अभियंते करू शकतात. परंतु रोज पहाटे टेकडी चढणारा निवृत्त कारकून, परीक्षेपूर्वी मन शांत करावयास येणारा विद्यार्थी, सहलीच्या मुलांना हाताने दिशा दाखवून भूगोल शिकविणारी शिक्षिका यांच्या लाभाची नोंद त्या बेरजेत नसते. ज्याला किंमत नाही ते मोलाचे नाही, असा समज करून घेणे ही अर्थशास्त्राची शिकवण नव्हे. तो त्याचा विपर्यास आहे.

प्रवाशाने आपली खोली हिशेबाने निवडावी, हे योग्यच. पालिकांनीही आपल्या टेकड्या, किल्ले आणि उद्यानांचे कठडे यांची यादी करावी, तेथे पाणी, पायऱ्या, दिवे आणि बसण्यापुरती सावली द्यावी, आणि त्यांच्यापुढील आकाश मोकळे राखावे. यास लागणारा खर्च एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणाहून फारसा अधिक नाही. परभणीहून आलेल्या त्या कुटुंबाला शहरात घर मिळणार नाही, समुद्राकडची खिडकीही मिळणार नाही. कठड्याशी उभे राहून ते शहर डोळे भरून पाहण्याचा त्यांचा हक्क तरी अबाधित राहिला पाहिजे.