छताची सरासरी काढताना मी केलेली चूक, आणि लोणावळ्यातला एक बंगला



मागच्या महिन्यात दोघातिघांनी एकच प्रश्न विचारला. "ऊर्जा संहितेत बसतं की नाही हे बघायला भिंतीतून आणि छतातून जाणारी उष्णता मोजायची कशी? पुस्तकात सूत्र आहे, पण हातात नकाशा आला की गोंधळ होतो." गोंधळ माझाही झाला होता, आणि तो जरा महागात पडला असता. म्हणून आज सूत्रासोबत ती चूकही सांगते.

आधी नियम काय आहे ते बघू. घरांसाठीची केंद्रीय 'इको निवास संहिता' डिसेंबर २०१८ मध्ये आली. तिच्या पहिल्या भागात इमारतीच्या बाहेरच्या आवरणाचा, म्हणजे भिंती, खिडक्या आणि छताचा विचार आहे. भिंती-खिडक्यांसाठी लांबलचक सूत्र आहे आणि त्यातले सहगुणक हवामान विभागाप्रमाणे बदलतात. छताचं मात्र सोपं आहे: कुठल्याही हवामान विभागात छताची यू-व्हॅल्यू १.२ पेक्षा जास्त नको. म्हणून शिकायला सुरुवात छतापासून करा.

यू-व्हॅल्यू म्हणजे काय? आत-बाहेर तापमानात एक अंशाचा फरक असेल, तर एक चौरस मीटरमधून दर सेकंदाला किती उष्णता जाते, तो आकडा. एकक वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्विन. आकडा जितका लहान, तितकं छत चांगलं. तो थेट काढत नाहीत. आधी प्रत्येक थराचा उष्णतारोध, म्हणजे आर, काढायचा: थराची जाडी मीटरमध्ये भागिले त्या मालाची उष्णतावाहकता. सगळे रोध बेरीज करायचे आणि एकाला त्या बेरजेने भागायचं. झाली यू-व्हॅल्यू.

आता लोणावळ्यातला बंगला घेऊ. १०० चौरस मीटर छत, १५० मिलिमीटरचा आरसीसी स्लॅब, खालून १५ मिलिमीटर गिलावा. वरचा कोबा सध्या सोडून देऊ.

स्लॅब: ०.१५० ÷ १.५८ = ०.०९५
गिलावा: ०.०१५ ÷ ०.७२१ = ०.०२१
आतला पृष्ठरोध: ०.१७
बाहेरचा पृष्ठरोध: ०.०४
एकूण: ०.३२६

म्हणजे यू-व्हॅल्यू ३.०७. मर्यादेच्या अडीच पट! गंमत बघा, या बेरजेत सहा इंची स्लॅबपेक्षा पृष्ठभागाला चिकटलेल्या हवेचा वाटा मोठा आहे. त्यामुळे "स्लॅब जाड करू" हा उपाय इथे फारसा चालत नाही. स्लॅबवर २५ मिलिमीटर थर्माकोलसारखं इन्सुलेशन घातलं (वाहकता ०.०३५), तर रोधात ०.७१४ ची भर पडते, एकूण १.०४ होतो आणि यू-व्हॅल्यू ०.९६ वर येते. छान बसलं.

इथेच मी फसले. गच्चीवर सगळीकडे इन्सुलेशन जाणार नव्हतं. जिन्याच्या केबिनचं छत ९ चौरस मीटर आणि पाण्याच्या टाकीखालची जागा ६ चौरस मीटर, असे १५ चौरस मीटर उघडेच राहणार होते. मी काय केलं? दोन्ही भागांच्या रोधांची क्षेत्रफळानुसार सरासरी काढली:

(८५ × १.०४ + १५ × ०.३२६) ÷ १०० = ०.९३

एकाला ०.९३ ने भागलं, यू-व्हॅल्यू आली १.०७. मर्यादेच्या आत. मी वास्तुविशारदांना "बसतंय" असं कळवूनही टाकलं.

दोन दिवसांनी तीच शीट माझ्या गाइडना दाखवली. मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "उष्णता कुठल्या वाटेने जाईल?"

आपल्या घाटाचं उदाहरण घ्या. एकाच रस्त्यावर एकामागून एक चार स्पीडब्रेकर असतील तर प्रत्येक गाडीला चारही ओलांडावे लागतात, अडथळ्यांची बेरीज होते. छताचे थर असे आहेत. पण एक्स्प्रेसवे आणि जुना हायवे हे शेजारी-शेजारी चालणारे दोन रस्ते आहेत. तिथे बेरीज अडथळ्यांची नाही, दोन्हीकडून उतरलेल्या गाड्यांची करायची. छताचे इन्सुलेशन असलेले आणि नसलेले भाग असे शेजारी आहेत. म्हणून सरासरी रोधांची नाही, यू-व्हॅल्यूंची काढायची:

(८५ × ०.९६ + १५ × ३.०७) ÷ १०० = १.२८

नापास! छताचा १५ टक्के भाग, पण एकूण उष्णतेतला त्याचा वाटा ३६ टक्के. रोधांच्या सरासरीने हे झाकून टाकलं होतं. आणि ही चूक कधी उलट दिशेला होत नाही हेही लक्षात ठेवा: रोधांची सरासरी छताला नेहमी आहे त्यापेक्षा चांगलंच दाखवते.

मी लगेच फोन केला. नशिबाने कोबा व्हायचा होता. एकदा कोबा आणि वॉटरप्रूफिंग झालं की मावळातल्या पावसापुढे ते पुन्हा फोडायला कोण धजावणार? उपाय छोटा होता. जिन्याच्या केबिनच्या छतावरही तोच थर घालायचा. उघडे राहतात फक्त ६ चौरस मीटर आणि यू-व्हॅल्यू येते १.०९. वास्तुविशारद रागावले नाहीत, पण "पुढच्या वेळी कळवायच्या आधी कुणाला तरी दाखवत जा" एवढं म्हणाले. ते मी भिंतीवर लिहून ठेवलंय.

आता संशोधनाला निघालेल्यांसाठी तीन गोष्टी.

पहिली, दिशा. वर मी आतला पृष्ठरोध ०.१७ घेतला, कारण उन्हाळ्यात उष्णता छतातून खाली येते. हिवाळ्याच्या रात्री लोणावळ्यात ती खालून वर जाते, तेव्हा हा आकडा ०.१० घेतात. मग त्याच उघड्या स्लॅबची यू-व्हॅल्यू ३.०७ ऐवजी ३.९१ होते. थंड देशांतली पुस्तकं उष्णता घराबाहेर जाते असं गृहीत धरून लिहिलेली असतात. तिथला तक्ता इथे उतरवताना आधी बाण कुठे आहे ते बघा.

दुसरी, ओल. वाहकतेचे तक्ते कोरड्या मालाचे असतात. स्थिर हवेची वाहकता ०.०२६ च्या आसपास, पाण्याची ०.६, म्हणजे वीसपटीहून जास्त. मालाच्या छिद्रांत हवेच्या जागी पाणी शिरलं की कागदावरची यू-व्हॅल्यू कागदावरच राहते. जिथे चार महिने भिंती ओल धरतात, तिथे इन्सुलेशन कोणतं याच्याइतकाच ते वॉटरप्रूफिंगच्या वर की खाली हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पाणी न पिणारं निवडा.

तिसरी, वेळ. यू-व्हॅल्यू आत-बाहेरचं तापमान स्थिर आहे असं मानते. एकदा भर एप्रिलच्या दुपारी कार्ल्याच्या किंवा भाज्याच्या लेण्यात जाऊन उभे राहा. आतला गारवा यू-व्हॅल्यूने समजत नाही. बेसॉल्टमध्ये दिवस-रात्रीची तापमानाची लाट साधारण दर १५ सेंटिमीटरला जवळपास एक तृतीयांश उरते. मीटरभर आत गेलात की दुपार झाली हे दगडाला कळतच नाही. संहितेत बसणं आणि घर सुखाचं असणं यांत जे अंतर आहे, त्यातलं बरंचसं इथे आहे. माझा प्रबंधही याच अंतरात अडकलाय!

सरावासाठी एक भिंत देते. २३० मिलिमीटर वीट (वाहकता ०.८११), दोन्ही बाजूंना १५ मिलिमीटर गिलावा, पृष्ठरोध आत ०.१३ आणि बाहेर ०.०४. उत्तर २.०२ यायला हवं. मग विटेच्या जागी २०० मिलिमीटर एएसी ब्लॉक (०.१८४) घालून बघा, ०.७७ येईल. आणि शेवटी, त्याच भिंतीत आरसीसीचे कॉलम २० टक्के जागा घेतात असं धरा आणि सरासरी काढा.

कशाची सरासरी, ते आता तुम्हाला माहीत आहे.