आधी अंदाज, मग पट्टी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

तिसरी-चौथीतल्या मुलाला एक साधा प्रश्न विचारून पाहा. पट्टीवर पेन्सिल ठेवा, पण शून्यापासून नव्हे. तिचे एक टोक २ वर आणि दुसरे ७ वर येऊ द्या. आता विचारा, पेन्सिल किती सेंटिमीटर लांब? बरीच मुले चटकन 'सात' म्हणतात. काही जण दोनापासून सातापर्यंतचे आकडे मोजून 'सहा' सांगतात. बरोबर उत्तर आहे पाच.

ही मुले मठ्ठ नसतात. त्यांना पट्टीवरचा आकडा वाचता येतो, पण पट्टी मोजते काय, हे कुणी दाखवलेले नसते. लांबी मोजणे म्हणजे एकसारखे तुकडे एकापुढे एक मांडायचे आणि किती बसले ते मोजायचे. पट्टीवर मुलांना रेघा दिसतात, रेघांमधले तुकडे दिसत नाहीत. म्हणून माझे शिक्षकांना आणि पालकांना नेहमी सांगणे असते, की पट्टी थोडी उशिरा द्या.

तोवर काय वापरायचे? आपल्याकडे साधनांना तोटा नाही. विटीदांडू खेळताना विटी किती लांब गेली, हे दांडूनेच मोजत. बोटभर चिंधी, हातभर दोरी, पुरुषभर पाणी, असे आपण आजही बोलतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आजूबाजूच्या वस्तूंतूनच बालशिक्षण उभे केले. आपल्या घरातही आगपेट्या, चमचे, खडू असतातच.

सुरुवात तुलनेने करावी. दोन काड्यांपैकी लांब कोणती? जाँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की सारख्या लांबीच्या दोन काड्यांपैकी एक जरा पुढे सरकवली, तर लहान मुलाला तीच लांब वाटते. म्हणून दोन्हींचे एक टोक एका रेषेत आणायची सवय आधी लागली पाहिजे.

मग अंदाज. 'ही चटई किती आगपेट्यांएवढी लांब असेल?' मुलाने आधी आकडा सांगावा, मग आगपेट्या मांडाव्यात. तीन-चार मांडून झाल्या, की थांबवून पुन्हा विचारावे, 'आता काय वाटते?' बहुतेक मुले आपला आकडा आपणच सुधारतात. शिकणे घडते ते इथे.

एक पथ्य मात्र पाळा. अंदाजाला चूक-बरोबर अशी खूण करू नका. खूण केलीत, की मुले आधी गुपचूप मोजतात आणि तोच आकडा 'अंदाज' म्हणून लिहितात. वही स्वच्छ दिसते, पण नजर तयार होत नाही. मोजमापाशी फरक किती पडला आणि तो दिवसेंदिवस कमी होतो का, एवढेच पाहावे.

दोन मुलांना एकच चटई मोजायला दिली, तर उत्तरे वेगळी येतात. कुणी आगपेट्यांमध्ये फटी ठेवलेल्या असतात, कुणी एकीवर दुसरी चढवलेली असते. लगेच सांगू नका. त्यांना वाद घालू द्या. फटही नको आणि चढही नको, हा नियम त्यांचा त्यांना सापडला, तर तो विसरत नाहीत.

पुढची पायरी वितींची. चटई मुलाच्या बारा विती भरते, आईच्या आठच. मग चटई आखडली का? नाही. माप लहान, तर संख्या मोठी. दुकानदाराची वीत चालेल की गिऱ्हाइकाची, हा प्रश्न इथे आपोआप उभा राहतो आणि सर्वांना एकच माप का लागते, हे पटते. आपल्या देशाने १९५६ च्या कायद्याने मीटर स्वीकारला, तो याच गरजेपोटी. तरी नऊवारीतला 'वार' भाषेत टिकून आहे. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. घरात आजीचे लुगडे असेल, तर मुलांना आधी अंदाज करू द्या आणि मग मोजायला लावा.

आता पट्टी द्या. बरोबर चार खुणाही द्या. मोठ्या माणसाच्या करंगळीच्या नखाची रुंदी साधारण एक सेंटिमीटर, वीत वीस सेंटिमीटरच्या आसपास, पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब, घराचे दार सुमारे दोन मीटर उंच. या खुणा मनात बसल्या, की पट्टी जवळ नसली तरी अडत नाही.

'टेबलाची लांबी ९० मीटर' असे उत्तर लिहून पान उलटणारी मुले आपण पाहतो. त्या मुलांचे गणित कच्चे असेलच असे नाही; त्यांना ९० मीटर डोळ्यांपुढे दिसत नाहीत. उद्या पडद्याला कापड किती, कुंपणाला तार किती, हे दुसऱ्याने सांगितले तर ती निमूटपणे मान्य करतील. अंदाज येणारा माणूस सहसा फसत नाही. आज रात्री जेवायला बसताना एवढेच विचारा: आपले ताट किती चमचे रुंद असेल? आणि मूल आकडा सांगेपर्यंत आपण गप्प बसा.