पेव्हर आणि दगडाचं काम: कोटेशन देण्याआधी फरशीखालचा हिशोब करा



दगड आणि पेव्हरच्या धंद्यावरचा व्हिडिओ टाकल्यापासून सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच आहे. "ताई, स्क्वेअर फुटाला रेट काय लावायचा?" प्रश्न बरोबर आहे, पण तो शेवटी विचारायचा प्रश्न आहे. कस्टमर वरची फरशी बघतो आणि तिचे पैसे देतो. काम टिकणार की खचणार, तुमच्या हातात चार पैसे राहणार की नाही, हे मात्र फरशीखाली ठरतं. आज तोच हिशोब आकड्यांसकट करून बघू. वही-पेन घेऊन बसा.

आधी माल ओळखा

आपल्याकडे अंगण, पार्किंग, बागेतली पायवाट अशा कामांना साधारण हे प्रकार चालतात.

काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट. महाराष्ट्राचा बहुतेक भाग याच दगडावर बसलाय. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून तो बनला. अजिंठा-वेरूळची लेणी यातच कोरलेली आहेत. टिकाऊपणाबद्दल शंका घ्यायचं कारणच नाही. पण तो कठीण असल्यामुळे घडवायला मेहनत लागते. घडीव काळ्या दगडाच्या बिलात मोठा भाग पाथरवटाच्या मजुरीचा असतो. त्यामुळे नुसत्या दगडाचा भाव ऐकून कोटेशन देऊ नका. कारागीर किती दिवस लागेल म्हणतो ते आधी विचारा.

जांभा, म्हणजे कोकण-गोव्याचा चिरा. जमिनीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होत जातो. गडगा, बागेची बांधणी, पायवाट यांना शोभून दिसतो. तुम्ही रत्नागिरी-सिंधुदुर्गात धंदा करत असाल तर हा तुमच्या दाराशी असलेला माल आहे. तोच चिरा सोलापूरला न्यायचा म्हटलं तर गाडीभाड्याने गणित बिघडतं.

शहाबादी, तांदूर, कोटा, कडप्पा. शहाबादी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातून, तांदूर तेलंगणातून, कोटा राजस्थानातून आणि कडप्पा आंध्रातून येतो. हे चारही चुनखडीच्या जातीचे दगड. म्हणून यांच्यावर अ‍ॅसिड चालत नाही. बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड कोट्यावर ओतलं की चमक गेलीच समजा. माल देताना कस्टमरला हे सांगून ठेवायचं, बिलावर लिहून दिलं तर आणखी चांगलं. बाहेरच्या जागेसाठी गुळगुळीत पॉलिश केलेला कोटा देऊ नका, पावसाळ्यात घरातली आजी घसरेल. खरखरीत फिनिश घ्या. आणि काळा कडप्पा एप्रिलच्या उन्हात इतका तापतो की अनवाणी पाय ठेववत नाही.

सिमेंटचे पेव्हर ब्लॉक. यासाठी आयएस १५६५८ हे भारतीय मानक आहे. ढोबळ नियम असा: फक्त चालण्याची जागा असेल तर ५० मि.मी., बंगल्यासमोर कार उभी राहणार असेल तर ६० मि.मी. आणि जड गाड्यांची ये-जा असेल तर ८० मि.मी. किंवा त्याहून जाड. कस्टमर म्हणाला, "अहो, पन्नासचाच टाका, स्वस्तात होईल," तरी आधी विचारायचं की इथे पाण्याचा टँकर आत येतो का. बऱ्याच सोसायट्यांमध्ये येतो, आणि कस्टमरला ते त्या वेळी आठवत नाही.

दगड आणि पेव्हर एकाच पद्धतीने बसत नाहीत

नवीन लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

पेव्हर ब्लॉक वाळूच्या थरावर बसतात. एका ब्लॉकवर आलेलं वजन शेजारचे ब्लॉक वाटून घेतात. म्हणून सांध्यात बारीक वाळू गच्च भरलेली पाहिजे आणि कडेला कर्ब पाहिजे. कर्ब नसला तर कडेचे ब्लॉक बाहेर सरकतात, सांधे उघडतात, वाळू वाहून जाते आणि मग मधले ब्लॉकही हलायला लागतात.

नैसर्गिक फरशीचं वेगळं आहे. तिची जाडी कमी आणि बऱ्याचदा एकसारखी नसते. २५ मि.मी.ची फरशी नुसत्या वाळूवर टाकून वरून कार नेली तर ती मधोमध तडकणार. गाडीच्या जागी तिला खाली काँक्रीटचा पाया आणि त्यावर मसाल्याचा पूर्ण थर लागतो. फरशीखाली पोकळी राहिली तर ठोकल्यावर भद्द आवाज येतो. फरशी बसली की दुसऱ्या दिवशी स्वतः ठोकून बघा, मिस्त्रीच्या शब्दावर सोडू नका.

आता ६०० स्क्वेअर फुटांचा हिशोब

धरून चालू की एका बंगल्यासमोर ३० बाय २० फुटांचं पार्किंग आहे. ३० फुटांची एक बाजू घराला लागून आहे. ६० मि.मी.चे पेव्हर टाकायचेत आणि तयार फरशी आत्ताच्या जमिनीच्या लेव्हललाच हवी आहे.

खोदाई: ६० मि.मी. ब्लॉक, ३० मि.मी. वाळू, १५० मि.मी. दाबलेला मुरूम-खडीचा थर. एकूण २४० मि.मी., म्हणजे साधारण साडेनऊ इंच. ६०० फुटांवर ही माती झाली पावणेपाच ब्रास (१०० घनफूट म्हणजे एक ब्रास). खोदलेली माती फुगते. पाव हिस्सा वाढ धरली तर उचलायला सुमारे सहा ब्रास माती.

खालचा थर: दाबून सहा इंच हवा म्हणजे तीन ब्रास. सुटा माल आणताना पावणेचार ब्रास धरा, कारण दाबल्यावर तो बसतो.

वाळू किंवा क्रश सँड: साधारण ६० घनफूट, वर सांधे भरायला थोडी बारीक वाळू वेगळी.

पेव्हर: तुटफूट आणि कडेचं कटिंग धरून ५ टक्के जास्त, म्हणजे ६३० स्क्वेअर फूट. ६० मि.मी.चा एक स्क्वेअर फूट जवळजवळ १३ किलो भरतो, म्हणजे एकूण आठ टन माल. गल्लीत मोठी गाडी शिरत नसेल तर छोट्या गाडीच्या फेऱ्या आणि दुप्पट हमाली.

कर्ब: घराची बाजू सोडून उरलेल्या तीन बाजू, ७० रनिंग फूट. गेटची बाजू विसरू नका, गाडीचा पहिला दणका तिथेच बसतो.

उतार: ६० फुटाला १ फूट या हिशोबाने २० फुटांत चार इंच, घरापासून लांब जाणारा. हा उतार खालच्या थरातच काढायचा. वाळू कमी-जास्त टाकून काढला तर जिथे वाळू जाड, तिथे ब्लॉक खचतात.

आता पैसे. पुढच्या रकमा फक्त समजण्यासाठी धरल्या आहेत, तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला. समजा ११० रुपये स्क्वेअर फूट रेट ठरला आणि त्यात १५ रुपये तुमचे असं तुम्ही धरलं. ६०० फुटांवर तुमचे ९,००० रुपये. माती उचलायची धरलीच नव्हती. ट्रॉलीत साधारण एक ब्रास, म्हणजे सहा फेऱ्या. फेरीला १,५०० धरले तरी ९,००० झाले. काम पूर्ण, कस्टमर खूश, आणि तुमची कमाई शून्य. यात कोणी फसवलं नाही, माल खराब नव्हता. कोटेशनमध्ये एक ओळ कमी होती, बस.

म्हणून नुसता "सगळं मिळून अमुक रेट" असा कागद देऊ नका. खोदाई, माती वाहतूक, खालचा थर, वाळू, ब्लॉक, कर्ब, मजुरी, गाडीभाडं आणि हमाली, सगळं वेगवेगळ्या ओळीत लिहा. कस्टमरला माती अंगणातच पसरून हवी असेल तर ती ओळ खोडता येते. आणि समोरचा ठेकेदार २० रुपयांनी कमी रेट देतोय असं तो म्हणाला तर शांतपणे विचारा, "दादा, त्यांनी खालचा थर किती इंच धरलाय?" उत्तर बहुतेक वेळा नसतं.

माल घेताना काय तपासायचं

पेव्हरच्या कारखान्यात गेलात की आधी माल कधी काढला ती तारीख विचारा. काँक्रीटची ताकद २८ दिवसांच्या हिशोबाने मोजतात. कालच साच्यातून काढलेला ब्लॉक आज गाडीत भरला तर कोपरे तुटणारच. ताकदीचा टेस्ट रिपोर्ट मागा. लाजू नका, चांगला कारखानदार तो स्वतःहून दाखवतो.

घरी करण्यासारखी एक चाचणीही आहे. तीन कोरडे ब्लॉक वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, बाहेरून पुसून पुन्हा वजन करा. चार किलोचा ब्लॉक सव्वाचार किलोच्या वर गेला तर तो ६ टक्क्यांहून जास्त पाणी पितोय. असा माल नको.

रबर मोल्डचे चकचकीत ब्लॉक शोरूममध्ये छान दिसतात, पण ओले झाल्यावर पाय घसरतो का ते पाणी टाकून बघा. नव्या ब्लॉकवर पांढरी झाक येते, तिच्याबद्दल कस्टमरला आधीच सांगा. ती सहसा काही काळाने कमी होते. आधी सांगितलं तर माहिती, नंतर सांगितलं तर सबब.

मुरूम, खडी, वाळू घेताना गाडीबरोबर वाहतूक परवाना आहे का बघा. हे सगळं गौण खनिजात येतं. विनापरवाना माल पकडला तर गाडी जप्त होते, दंड होतो आणि साइट बंद पडते. बिल घ्या, परवान्याचा फोटो ठेवा.

धूळ ही किरकोळ गोष्ट नाही

ग्रॅनाइट, सँडस्टोन, काँक्रीट हे सगळं कोरडं कापलं की सिलिका असलेली बारीक धूळ उडते. ती वर्षानुवर्षं श्वासातून गेली की सिलिकोसिस होतो, आणि या आजारावर पूर्ण बरा करणारा इलाज नाही. राजस्थानात दगडकामगारांमध्ये हा त्रास एवढा मोठा आहे की २०१९ मध्ये तिथल्या सरकारला त्यासाठी वेगळं धोरण आणावं लागलं.

आपल्या साइटवर काय करायचं? कटिंग करताना पात्यावर सतत पाणी. कापणाऱ्याला एन-९५ मास्क, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. कटिंग एका कोपऱ्यात, बाकीचे लोक लांब. पाण्याची बाटली आणि मास्क यांचा खर्च कोटेशनमध्ये "सुरक्षा" म्हणून लिहा. तुमचा कटर चालवणारा पोरगा विशीतला असेल. तो चाळिशीतही धाप न लागता जिना चढला पाहिजे, एवढी जबाबदारी आपली आहे.

झाडाला आळं सोडा

बागेच्या कामात कस्टमर म्हणतो, "झाडापर्यंत सगळं पॅक करून टाका, कचरा नको." करू नका. मुळांना हवा-पाणी मिळालं नाही की झाड वाळतं, आणि मुळं वाढली की ती तुमचे ब्लॉक उचलतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तेच माप आपण धरू. बुंध्याभोवती एक मीटर माती मोकळी ठेवा, कडेने जांभ्याची किंवा काळ्या दगडाची गोल बांधणी द्या. दिसायला सुंदर आणि तुमच्या बिलात एक चांगलं काम वाढतं.

भांडवल कमी आहे? अशी सुरुवात करा

यार्ड, मशीन, स्वतःची गाडी यातलं काही पहिल्या दिवशी लागत नाही. प्लेट कॉम्पॅक्टर भाड्याने मिळतो. दोन कारखान्यांशी आणि एका दगडवाल्याशी बोलून ठेवा. प्रत्येकी एक-एक तुकडा असलेला सॅम्पल बोर्ड करा, त्यामागे माल कुठला, जाडी किती, कुठे वापरायचा ते लिहा. एक अनुभवी मिस्त्री पकडा आणि त्याचे पैसे वेळेवर द्या. पेमेंट टप्प्यात घ्या: अ‍ॅडव्हान्स, माल उतरल्यावर, आणि काम संपल्यावर.

शेवटची गोष्ट, आणि ही फुकट आहे. प्रत्येक थराचा फोटो काढा. खोदाईवर टेप लावून एक, दाबलेल्या थराचा एक, वाळू ओढल्यावर एक. त्याच संध्याकाळी कस्टमरला व्हॉट्सअ‍ॅप करा. जे काम कायमचं झाकलं जाणार आहे, ते त्याने डोळ्यांनी बघितलेलं असतं. पुढचा कस्टमर आला की हेच फोटो तुमची जाहिरात.

या आठवड्याचा गृहपाठ: घराजवळचं एखादं खचलेलं पार्किंग शोधा. कर्ब आहे का, पाणी कुठे साठतं, सांध्यात वाळू आहे का, हे बघून का खचलं असेल ते तीन ओळींत लिहा. मग त्याच जागेचं वरच्या पद्धतीने ओळीवार कोटेशन करा, तुमच्या गावचे भाव लावून. व्हिडिओखाली कमेंटमध्ये टाका. निवडक कोटेशन पुढच्या भागात आपण ओळ-ओळ तपासू.

भेटू पुढच्या भागात!