मल्ल ते वस्ताद : गणपतराव आंदळकर यांच्या कारकीर्दीचा अभ्यास

प्रस्तावना :
पश्चिम महाराष्ट्रातून परळ, लालबाग, वरळी या भागांत आलेल्या गिरणी कामगारांनी आपल्याबरोबर कुस्तीचे प्रेमही आणले. त्यामुळे कोल्हापूरच्या तालमींचा इतिहास मुंबईकरांनाही परका नाही. या परंपरेत मल्ल हाच पुढे वस्ताद होतो. तथापि क्रीडाविषयक नोंदींत पदकांना जे स्थान मिळते, ते वस्तादाच्या अध्यापनास क्वचितच लाभते. प्रस्तुत लेखात हिंदकेसरी गणपतराव आंदळकर (१९३५-२०१८) यांच्या कारकीर्दीच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

स्पर्धक :
सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यातील पुनवत हे आंदळकरांचे गाव. त्यांची जडणघडण कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत झाली. १९६० मध्ये ते हिंदकेसरी झाले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण व फ्रीस्टाइल प्रकारात रौप्यपदक मिळविले. या यशाचे महत्त्व नियमांच्या संदर्भात ध्यानात येते. मातीवरील कुस्तीत प्रतिस्पर्ध्यास चितपट करणे हाच निकाल असतो; मॅटवर वेळ आणि गुण यांचे बंधन असते. शिवाय ग्रीको-रोमन प्रकारात कमरेखाली पकड घेण्यास व पायांचा वापर करण्यास मनाई आहे. म्हणजेच पट काढणे, टांग मारणे हे मातीतील हुकमी डाव येथे निरुपयोगी ठरतात. मातीत घडलेल्या मल्लाने अशा प्रकारात सुवर्णपदक मिळवावे, यातून तालमीतील मेहनतीचा कस दिसून येतो. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्येही त्यांनी भाग घेतला. त्याच वर्षाचा अर्जुन पुरस्कार त्यांना लाभला.

वस्ताद :
स्पर्धेतून निवृत्त झाल्यावर आंदळकरांनी मोतीबाग तालमीतच नव्या मल्लांना घडविले. त्यांचे शिष्य दादू चौगुले १९७० व १९७१ असे सलग दोनदा महाराष्ट्र केसरी झाले आणि १९७४ च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळविले. तालमीतील हे शिक्षण पुस्तकी नसते. जोर-बैठका, लढतीचा सराव, खुराक आणि शिस्त यांवर वस्तादाची नजर असते. डाव अंगाने अंगाला शिकविला जातो.

निष्कर्ष :
शिष्याच्या पदकावर वस्तादाचे नाव कोरले जात नाही. वस्तादाचे ज्ञान मौखिक व कृतिरूप असल्याने त्याच्या निधनाबरोबर त्यातील बराचसा भाग लुप्त होतो. आंदळकर २०१८ मध्ये, तर चौगुले २०१९ मध्ये निवर्तले. म्हणूनच हयात वस्तादांच्या अनुभवांचे पद्धतशीर संकलन करणे हे अभ्यासकांपुढील निकडीचे कार्य आहे.